मांजराला मधुमेह निघाला: गावात राहून इन्सुलिन सुरू करताना

लघवीच्या जागी मुंग्या लागतात, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागतं, खाणं वाढलेलं असतं आणि तरी पाठीची हाडं हाताला लागतात. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासून मधुमेह सांगितला, की इन्सुलिन दर १२ तासांनी द्यावं लागतं आणि ते घरच्याच माणसाला द्यावं लागतं. सुई केसाएवढी बारीक असते. बहुतेक मांजरांना ती टोचल्याचं कळतही नाही. इंजेक्शन देण्याचा हात दोन-तीन दिवसांत बसतो. खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टींची: योग्य सिरिंज, उन्हाळ्यात इन्सुलिन टिकवणं, आणि साखर एकदम खाली गेली तर दवाखाना ३०-४० किलोमीटर लांब असताना पहिला अर्धा तास निभावणं. म्हणून ही तयारी आधी आणि पहिलं इंजेक्शन नंतर.

निदान पक्कं आहे का, एवढं आधी विचारून घ्या. पिशवीत कोंबून, एसटीत बसवून आणलेल्या घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीने ३०० च्या पुढे जाऊ शकते (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये). त्यामुळे एका रक्ततपासणीवर इन्सुलिन सुरू करत नाहीत. रक्तात साखर, लघवीत साखर आणि वजन घटण्यासारखी लक्षणं, तिन्ही जुळली पाहिजेत. शंका असेल तर फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. माणसांची एचबीए१सी मांजराच्या कामाची नाही. त्याच वेळी मूत्रपिंड, यकृत, लघवीतला जंतुसंसर्ग आणि दात पाहून घ्यावेत. आत कुठे संसर्ग शिल्लक असला तर इन्सुलिन वाढवत गेलं तरी साखर उतरत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यत्वे गाई-म्हशी, बकऱ्या येतात. तिथल्या डॉक्टरांना मांजराच्या इन्सुलिनची सवय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था इथे एकदा दाखवून डोस ठरवून घ्यावा आणि पुढची देखरेख गावाजवळच्या डॉक्टरांकडे ठेवावी.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: मागच्या काही महिन्यांत खाज, गजकर्ण किंवा दम्यासाठी मांजराला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का. काही मांजरांचा मधुमेह त्यामुळेच वर येतो, आणि त्याचा असर ओसरला की इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते.

कोणतं इन्सुलिन, कोणती सिरिंज

मांजरासाठी आपल्याकडे सहज मिळणारं आणि चांगलं चालणारं इन्सुलिन म्हणजे ग्लार्जिन. लँटस, बॅसालॉग, ग्लॅरिटस अशा नावांनी ते माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. ते यू-१०० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. जनावरांसाठी बनवलेलं कॅनइन्सुलिन यू-४० असतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. घरात आजोबांसाठी आणलेली ३०/७० या मिश्र इन्सुलिनची बाटली असते, तीही बहुधा ४० युनिटचीच. ती मांजराला देऊ नका. तिच्यातला झटपट भाग साखर खाली ओढतो आणि उरलेला भाग मांजराच्या शरीरात १२ तास पुरत नाही. टुजिओ नावाचं ग्लार्जिन ३०० युनिटचं असतं, ते सिरिंजने काढायचंच नसतं.

सर्वांत जीवघेणी चूक होते ती इथे. मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. लाल टोपीची यू-४० इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची यू-१०० साठी. दुकानदाराला "इन्सुलिनची सुई द्या" म्हटलं तर तो हाताला लागेल ती देतो. ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं तर मांजराच्या अंगात १ नाही, अडीच युनिट जातं. ३ किलोच्या मांजराचा जीव जायला एवढं पुरे होऊ शकतं. उलट चूक झाली, म्हणजे ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने १ वर काढलं, तर ०.४ युनिटच जातं आणि "औषध लागू पडत नाही" असं वाटत राहतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून इन्सुलिनचं नाव, यू-१०० की यू-४०, आणि सिरिंजच्या टोपीचा रंग तिन्ही लिहून घ्या. दर वेळी दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशी लावून पाहा.

नारिंगी सिरिंजमध्येही निवड आहे. १ मिलिलिटरच्या सिरिंजवर बहुधा दर २ युनिटला एक रेघ असते, तिच्यावर १ युनिट अंदाजानेच भरावं लागतं. ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली, ३० किंवा ३१ गेजची (म्हणजे बारीक सुईची) सिरिंज हवी. गावात मिळत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून खोकं मागवून ठेवा. सुई एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा तिचं टोक बोथट झालेलं असतं, मांजराला दुखतं आणि मग ते सिरिंज पाहताच पळू लागतं.

मोठी १० मिलिलिटरची बाटली घेऊ नका, ३ मिलिलिटरचं कार्ट्रिज (इन्सुलिनच्या पेनमध्ये घालतात ती लहान नळी) घ्या. त्यात ३०० युनिट असतात. दिवसाला २ युनिट धरले तर महिन्याला ६० लागतात, म्हणजे बाटलीतलं बहुतेक फेकण्यातच जाईल. कार्ट्रिजच्या रबरी टोकातून सिरिंजने थेट इन्सुलिन काढता येतं. फक्त आत हवा सोडायची नाही, आणि असं वापरलेलं कार्ट्रिज पुन्हा पेनमध्ये घालायचं नाही.

४५ अंशांच्या उन्हात इन्सुलिन

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात, डब्यात घालून ठेवा. मागच्या भिंतीला टेकवून किंवा बर्फाच्या कप्प्याखाली ठेवलं तर गोठतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण ते निकामी झालेलं असतं, ते टाकून द्या. उघडल्यावर ३० अंशांखाली २८ दिवस, असं कंपन्या सांगतात. उघडलेलं कार्ट्रिज सतत फ्रिजमध्येच ठेवलं तर पशुवैद्य ते पुढेही वापरू देतात, पण ग्लार्जिन गढूळ झालं, कण दिसले किंवा तोच डोस असूनही साखर अचानक चढू लागली तर नवं उघडा.

मार्चपासून जूनपर्यंत आपल्या विदर्भात ३० अंशांखालची खोली सापडत नाही. टिनाच्या घरात तर रात्रीही नाही. फ्रिज नसेल किंवा लाइन तासन्‌तास जात असेल तर मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली आणि वरून ओलं फडकं, अशी सोय करा. ती सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायची. कार्ट्रिज झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे मडकं छान गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गारवा फार कमी होतो, पण तेव्हा बाहेरची उष्णताही उतरलेली असते. आत साधा थर्मामीटर ठेवून आठवडाभर दुपारी ३ वाजता आकडा पाहा, मग विश्वास टाका. ही सोय उघडलेल्या कार्ट्रिजसाठी आहे. राखीव कार्ट्रिज ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांच्याकडे किंवा मेडिकलमध्येच ठेवलेलं बरं.

शहरातून आणताना तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून खाली आणि इन्सुलिन वर. बर्फाला थेट टेकवू नका. मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका.

खाणं: दूध-पोळी बंद

आपल्याकडच्या मांजराचं रोजचं जेवण म्हणजे दूध-पोळी, दूध-भाकर, नाहीतर ताकभात. मधुमेही मांजराला हे सगळं बंद. मांजराचं शरीर मांसावर चालतं. पिठूळ अन्नाची साखर उतरवायची ताकद त्याच्यात आधीच कमी, आणि आता तर नाहीच. उकडलेली कोंबडी, अंडं, काटे काढलेली नदीची मासळी, आणि बाजारात मिळणाऱ्या ओल्या पाऊचमधलं अन्न, यांवर त्याला न्यायचं. सुकं दाणेदार खाद्य पिठाशिवाय बनत नाही, त्यामुळे तेही शक्य तितकं कमी.

पाकिटावर पिष्टाचा (कार्बोहायड्रेटचा) आकडा नसतो, तो काढावा लागतो. १०० मधून प्रथिनं, चरबी, ओलावा, तंतू आणि राख (पाकिटावर ash, म्हणजे खनिजं) वजा करा. समजा सुक्या खाद्यात प्रथिनं ३०, चरबी १०, ओलावा १२, तंतू ४, राख ८, तर उरतं ३६. आता प्रथिनं आणि पिष्ट प्रत्येकी साडेतीनने आणि चरबी साडेआठने गुणायची: १०५, १२६ आणि ८५, एकूण ३१६. त्यातले १२६ पिष्टाचे, म्हणजे ४० टक्के उष्मांक पिष्टातून. मधुमेही मांजराला हा आकडा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली हवा. ओल्या पाऊचमध्ये प्रथिनं ९, चरबी ४, ओलावा ८२, तंतू १, राख २ असेल तर हाच हिशोब १० टक्क्यांच्या आत येतो. राख लिहिलेली नसेल तर सुक्यासाठी ८, ओल्यासाठी २ धरा. दाट रस्सा असलेल्या पाऊचपेक्षा लगद्यासारखं अन्न बरं, कारण रस्सा दाट करायला स्टार्च घालतात.

नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर मांजर महिनोन्‌महिने ठेवू नका. तिच्यात कॅल्शियम नसतं, आणि उकडताना टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य, पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचे डोळे आणि हृदय खराब होतात. उकडलेलं पाणी फेकू नका, अन्नावरच घाला. कोंबडीचं काळीज-हृदय थोडं असू द्या आणि कॅल्शियमची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मांसाहार न करणाऱ्या घरांत पाऊच हाच सोपा मार्ग.

खाणं आठवडाभरात हळूहळू बदला, आणि हा बदल इन्सुलिनच्या आधी किंवा डॉक्टरांना सांगून सोबत करा. डोस दूध-पोळीवर बसला आणि मग एक दिवस दूध-पोळी बंद केली, तर तोच डोस जड होऊन साखर कोसळते. जाड मांजर असेल तरी उपाशी ठेवायचं नाही. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तेच जिवावर बेतू शकतं. पाणीही तोडू नका. "लघवी जास्त करतं म्हणून पाणी कमी ठेवतो" असं काही घरांत केलं जातं. साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, म्हणूनच त्याला तहान लागते. मे महिन्यात पाणी तोडलं तर ते मांजर दोन दिवसांत आडवं होईल.

पहिलं इंजेक्शन देण्याआधी घरात काय हवं

ग्लुकोज पावडर, जी किराणा दुकानात मिळते, किंवा मध. एक ग्लुकोमीटर, कमीत कमी रक्तावर चालणारा, आणि त्याच्या पट्ट्या. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं किंवा ती उन्हात तापली तर आकडे खोटे येतात. लघवीत साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे घातक पदार्थ) दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्या. एक वही. आणि डॉक्टरांचा फोन नंबर, भिंतीवर लिहिलेला, म्हणजे घरात कोणीही असलं तरी सापडेल.

साखर खाली गेल्याची खूण अशी: मांजर डुलत चालतं, मागचे पाय घसरतात, डोळ्यांची बुबुळं मोठी होतात, अचानक खा-खा करतं किंवा उलट कोपऱ्यात लपतं, लाळ गळते, अंग थरथरतं, शेवटी झटके येतात. शुद्धीत असेल तर लगेच जेवण पुढे करा, चमचाभर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी अन्नात मिसळून. खात नसेल तर तेच बोटाने हिरड्यांवर चोळा, थोडं-थोडं, दर पाच मिनिटांनी. झटके येत असतील तर दातांच्या मध्ये बोट घालू नका आणि घशात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. गालाच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब लावा आणि वाट न पाहता निघा, रस्त्यातही चोळत राहा. शुद्धीवर आलं म्हणजे संपलं नाही. इन्सुलिनचा जोर अजून काही तास राहतो, म्हणून दर १५-२० मिनिटांनी साखर पाहा आणि खाऊ घालत राहा. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

डोस

तीन-चार किलोच्या मांजराला ग्लार्जिनची सुरुवात बहुधा १ युनिट दर १२ तासांनी अशी होते. हिशोब किलोला पाव ते अर्धा युनिट असा असतो, आणि तोही मांजराचं जे वजन असायला हवं त्यावर. जाड मांजराच्या आजच्या वजनावर डोस काढला तर तो जास्त होतो. सुरुवात २ युनिटच्या वर नको. साखर जास्त राहिली तर आठवडा निभावतो. खाली गेली तर तासांचा प्रश्न असतो. ग्लार्जिनचा असर कातडीखाली साठत-साठत पाच-सात दिवसांत बसतो. तिसऱ्या दिवशी आकडा ३५० दिसला म्हणून डोस वाढवला तर सातव्या दिवशी साखर कोसळते. डॉक्टरही पाव-अर्ध्या युनिटनेच वाढवतात, दर आठवड्याला फार तर एकदा.

वेळ अशी निवडा जी कापूस वेचणीच्या दिवसांतही पाळता येईल. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ जमतं, वावरात जायच्या आधी आणि आल्यावर. अर्धा-एक तास मागेपुढे चालतो. मोकळं फिरणारं मांजर संध्याकाळी घरी येईलच असं नाही, म्हणून पाच वाजता खोलीत घ्या आणि संध्याकाळचं जेवण फक्त इंजेक्शनच्या वेळीच द्या, म्हणजे ते स्वतःच येऊ लागतं. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की याला दूध-पोळी टाकू नका. त्याने उंदीर मारून खाल्ला तर हरकत नाही.

पहिलं इंजेक्शन सकाळी द्या, दिवसभर कोणी घरी असेल अशा दिवशी. आधी एका संत्र्यावर साध्या पाण्याने दहा-बारा वेळा हात बसवा. संत्र्याची साल मांजराच्या कातडीपेक्षा थोडी कडक असते, तिथे जमलं की इथे जमतंच.

हात धुवा. कार्ट्रिजवरचा १०० आणि सिरिंजवरचा १०० पाहा. ग्लार्जिन हलवायचं नाही, ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. कॅनइन्सुलिन मात्र दुधासारखं एकसारखं होईपर्यंत हलवावं लागतं. रबर स्पिरिटने पुसून वाळू द्या. डोसापेक्षा थोडं जास्त काढा, सुई वर धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की डोसाच्या रेघेपर्यंत दाबा. १ युनिट इतकं थोडं असतं की लहानसा बुडबुडाही निम्मा डोस खातो. चष्मा लागत असेल तर लावा.

मांजर खात असताना, पाठीमागून, कुशीवर किंवा बरगड्यांच्या मागे कातडी दोन बोटांत उचला. कातडीचा तंबू होतो, त्याच्या पोकळीत सुई शरीराला जवळजवळ समांतर घाला, हळू दाबा, दोन सेकंद थांबा, काढा. मानेवर रोज टोचू नका, तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि गाठी धरतात. सकाळी डावी कूस, संध्याकाळी उजवी. केस ओले लागले आणि औषधी वास आला तर सुई तंबूच्या पलीकडून बाहेर गेली असं समजा. अशा वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. किती आत गेलं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळेपर्यंत थांबा. विसरलेला डोसही पुढच्या डोसात मिसळायचा नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि भरली की दवाखान्यात द्या. उकिरड्यावर टाकलेली सुई ढोराच्या तोंडात किंवा पोराच्या पायात जाते.

मांजराने खाल्लं नाही तर नेहमीचा डोस देऊ नका. साखर मोजा आणि फोन करा. कमी डोस द्यायचा की गाळायचा, हे डॉक्टरांकडून सुरुवातीलाच ठरवून वहीत लिहा. दिवसभर खाणंही नाही आणि इन्सुलिनही नाही अशी वेळ आली, सोबत उलट्या, जोरात श्वास, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या द्रावासारखा वास किंवा पट्टीवर कीटोन दिसले, तर घरी थांबायचंच नाही.

रक्त तपासणं

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. गरम तांदळाची पुरचुंडी कानाला मिनिटभर लावा, कडेला व्हॅसलिनचा पातळ थर द्या म्हणजे थेंब पसरत नाही, मागे कापसाचा बोळा धरा आणि शिरेच्या शेजारी लॅन्सेटने (रक्त काढायच्या बारीक सुईने) टोचा. थेंब आला की पट्टी लावा, मग कापूस दाबून ठेवा. पहिले काही दिवस रक्तच येत नाही, कारण कान गार असतो. दर वेळी नंतर आवडीचा घास द्या.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. मांजराच्या रक्तात साखर लाल पेशींत फार थोडी आणि बाहेरच्या द्रवात जास्त असते, आणि मीटर माणसाच्या रक्ताप्रमाणे हिशोब करतो. तरीही ७० च्या खाली आकडा दिसला तर लगेच खाऊ घाला, "मीटर कमीच दाखवतो" म्हणत बसू नका. इंजेक्शनआधी आकडा २०० च्या खाली असेल तर सुरुवातीच्या महिन्यात इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पहिले तीन दिवस इंजेक्शननंतर सहा तासांनी एकदा मोजा. आठवड्याने एक दिवस दर दोन तासांनी, १२ तास मोजून तो तक्ता डॉक्टरांना पाठवा. त्यातला सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० मध्ये हवा. तो ८० च्या खाली गेला तर डोस कमी होणार, १५० च्या वर राहिला तर थोडा वाढणार.

वहीत तारीख, वेळ, डोस, कोणती कूस, किती खाल्लं आणि आकडा लिहा. पाणी मोजून ठेवा. मधुमेही मांजर दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरहून जास्त पितं, नियंत्रण आलं की ते निम्म्यावर उतरतं. वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, टोपलीसकट, दर आठवड्याला करा. खोट्या-खऱ्या आकड्यांच्या गोंधळात वजन आणि पाणी हे दोन साक्षीदार सहसा फसवत नाहीत. मधुमेहाने नसा दुखावल्यामुळे मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालणारं मांजर सरळ व्हायला मात्र महिने लागतात.

घरातल्या माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याला देऊ नका. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड देऊन इन्सुलिन थांबवू नका.

मधुमेह नुकताच लक्षात आलेला असेल, ग्लार्जिन वेळेवर गेलं आणि पीठ खरंच बंद झालं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांतच पूर्ण सुटतं. आकडे खाली-खाली येऊ लागतात, डोस अर्ध्या युनिटवर येतो, मग डॉक्टर तो बंद करून पाहतात. त्यानंतरही दूध-पोळी परत सुरू करायची नाही. दर आठवड्याला लघवी पट्टीने तपासा, आणि पुढे कधीही खाजेसाठी कोणी स्टिरॉइड टोचायला काढलं तर आधी हात धरून सांगा की याला मधुमेह होता.